माइक बंद केला आणि सिंबल खाली बसले

एका बँडची ती गायिका पहिल्यांदा आली तेव्हा तिची मागणी एका ओळीची होती. "दादा, मला माझाच आवाज ऐकू येत नाही, तेवढं काहीतरी करून द्या." सोबतच्या गिटारवाल्याने उपायही ठरवून आणला होता. मोठा मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) घ्यायचा, नाहीतर सगळ्यांनी सरळ इन-इअर (तेच काम करणारे कानातले छोटे स्पीकर) लावायचे. दोन्हीपैकी काय घ्यावं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, आधी एक तालीम बघू द्या. साउंडच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर एक सवय लागली आहे. एखाद्याला ऐकू येत नाही म्हणून त्याचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) वर ढकलायच्या आधी, त्याच्या आवाजावर कोण बसलंय ते शोधायचं.

बँडमधल्या सगळ्यांची परवानगी घेऊन, नावं वगळून हे लिहितोय.

पाच जणांचा बँड. ड्रम, बेस, दोन गिटार आणि ती. वय २९, गाण्याचं रीतसर शिक्षण झालेलं, या बँडमध्ये चौथं वर्ष. आठवड्याला तीन तालमी, प्रत्येक अडीच तासांची. तिच्या तक्रारी तिने सांगितल्या त्याच क्रमाने देतो: स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, ध्रुवपदात सूर चढतो, दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असतो. कानांबद्दल ती आपणहून काहीच बोलली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "हो, शीळ वाजते ना, सकाळपर्यंत जाते." जोरदार तालीम झाल्याची खूण असावी तशा सुरात. आणखी खोदल्यावर कळलं की गेलं वर्षभर ती फोन फक्त उजव्या कानाला लावते. का, ते तिलाही सांगता येईना. डावीकडे 'नीट वाटत नाही', एवढंच.

तालमीची खोली साधारण पाच मीटर बाय चार, छत बुटकं, तीन भिंती कोऱ्या आणि चौथीवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. (हे ट्रे किती खोल्यांमध्ये पाहिले असतील! पातळ पुठ्ठा आवाज शोषत नाही. वरच्या पट्टीतला थोडा विखुरतो, बाकी सगळा जसाच्या तसा परत येतो. भिंत मात्र 'स्टुडिओ' दिसायला लागते.) बँड रंगमंचावर असतो तसाच उभा होता. सगळ्यांची तोंडं एकाच भिंतीकडे, मागे मध्यभागी ड्रम, पुढे मधोमध ती. गायनाचे दोन स्पीकर समोरच्या कोपऱ्यांत, तिच्यापासून तीन-साडेतीन मीटरवर.

मी आवाज मोजायचं मीटर तिच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर धरलं आणि एक पूर्ण गाणं मोजलं. सरासरी १०३ डेसिबल. हा आकडा नुसता ऐकला तर काहीच वाटत नाही, म्हणून तिथेच फळ्यावर गणित मांडलं. ध्वनी ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास देते आणि तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. १०३ ला साडेसात मिनिटं. म्हणजे दुसरं गाणं संपायच्या आत तिचा दिवसाचा कोटा संपत होता, आणि पुढचे सव्वादोन तास उधारीवर चालले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली ती पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल, आणि तीसुद्धा कधीमधी येणाऱ्या श्रोत्यांचा विचार करून. ही पोरं आठवड्यातून तीनदा त्याच्या वर उभी होती.

फळ्याकडे बघून ड्रमर म्हणाला, "मग गिटार कमी करा." गिटारवाला म्हणाला, "तू हळू वाजव." बेसवाला गप्प. हे भांडण प्रत्येक बँडमध्ये असतं आणि त्यातून कधीच काही निघत नाही, कारण प्रत्येकाचं अर्ध बरोबर असतं.

मी तिला म्हटलं, तू गाऊ नकोस, नुसती उभी राहा. बाकीच्यांना गाणं सुरू करायला सांगितलं. आठ मात्रा झाल्यावर मिक्सरवर तिच्या माइकचं म्यूटचं बटण दाबलं.

खोली बदलली. ती गात नव्हती, तरीही माइक बंद होताच सिंबल, म्हणजे ड्रमच्या थाळ्या, एकदम खाली बसले. क्रॅश या मोठ्या थाळीची ती सळसळती, कान कापणारी धार गेली. गिटारवाल्याने वाजवता वाजवता मान वर केली. बटण सोडलं, धार परत आली. पुन्हा दाबलं, गेली. असं चार-पाच वेळा केलं, तेव्हा ड्रमरनेच काठ्या थांबवल्या आणि म्हणाला, "म्हणजे हा सगळा वेळ तिचा माइक माझा होता?"

होता. गाणाऱ्यांचा नेहमीचा माइक कार्डिऑइड जातीचा असतो. समोरून सगळ्यात जास्त ऐकतो, बाजूने कमी आणि पाठीमागून जवळजवळ नाही. ती ड्रमकडे पाठ करून उभी असली की माइकचं तोंड तिच्याकडे असतं, आणि तिच्या खांद्यावरून थेट क्रॅशकडे. ती जोरात गायली तर ओठ माइकला टेकलेले असल्यामुळे तिचा आवाज जिंकतो. पण कडव्यात ती हळू गाते, त्यातून माइक हातभर दूर धरायची तिची सवय. अंतर दुप्पट झालं की माइकवर पोचणारा तिचा आवाज ६ डेसिबलने पडतो, सिंबल तेवढेच राहतात. मग माइकमध्ये गायिका कमी आणि ड्रम जास्त अशी स्थिती येते. त्यात कुणीतरी तिच्या चॅनेलवर कंप्रेसर जोरात लावून ठेवला होता. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग एकूण पातळी उचलून देतो. ती गात असते तेव्हा तिला दाबतो, ती श्वास घ्यायला थांबली की सिंबल उचलतो. 'तिला वर कर' म्हणून फेडर जेवढा वर जाई तेवढे सिंबल तिच्या बरोबरीने वर जात. सिंबल वर गेले की गिटारवाल्याला स्वतःची गिटार ऐकू येईना, तो अ‍ॅम्प वाढवी. अ‍ॅम्प वाढला की ड्रमर जोर लावी. आणि ती पुन्हा म्हणे, मला ऐकू येत नाही. मोठा मॉनिटर घेतला असता तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एवढंच झालं असतं.

घशाचं आणि सुराचं कोडंही इथेच सुटतं. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो, ही गोष्ट एतिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली नोंदवली. त्याला लोंबार परिणाम म्हणतात आणि ठरवूनही तो नीट रोखता येत नाही, कारण तो आपल्या निर्णयाचा भागच नाही. स्वतःचा आवाज कानावर आला नाही की शरीर खालून हवेचा दाब वाढवतं. दाब वाढला की स्वरतंतू ताणले जातात आणि सूर वर सरकतो. मी तिचा एकटीचा माइक रेकॉर्ड करून तिला ऐकवला. कडवी सुरात होती, ध्रुवपदं वर चढलेली. आणि चौथ्या गाण्यानंतर ध्रुवपदात आवाजाला एक खरखरीत किनार येऊ लागलेली. ती ऐकताना रडवेली झाली. तिला वाटत आलं होतं की आपला सूर बिघडतोय, वय होतंय, रियाज कमी पडतोय. तसं काही नव्हतं. आपला आवाज कुठे आहे तेच कळत नसेल तर सूर कशावर धरायचा?

पुढे काही बदलायच्या आधी तिला दोन तपासण्या करायला लावल्या. गळ्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने बघितलं. स्वरतंतूंच्या कडा सुजलेल्या, गाठी नाहीत. आठवडाभर आवाजाला विश्रांती. कानाची तपासणी मात्र आधी चुकली. ती तालमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली आणि डाव्या कानाचा ४००० हर्ट्झचा आकडा ४५ डेसिबल आला (इथे आकडा जेवढा मोठा तेवढं ऐकू येणं कमी). घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, तीन दिवस शांततेत काढ आणि पुन्हा जा. मोठ्या आवाजानंतर कान काही काळ बधिर असतो, त्यामुळे आदल्या दिवशी किमान १४ तास गोंगाटापासून लांब राहिल्याशिवाय केलेल्या तपासणीवर विसंबू नये. दुसऱ्या तपासणीत डावा कान ३० आला, उजवा १५. वर ८००० हर्ट्झला दोन्ही बरे. ४००० च्या आसपास असा खड्डा पडून पुढे आलेख वर येणं ही आवाजाने झालेल्या इजेची ओळखीची खूण. डावाच का? ड्रमरच्या डाव्या हाताला हाय-हॅटच्या जोडथाळ्या आणि मोठा क्रॅश, आणि ती त्याच्या पुढे, त्याच दिशेला तोंड करून. चार वर्षं डाव्या कानामागे क्रॅश.

तिला स्पष्ट सांगितलं की तो खड्डा भरून येणार नाही. आतल्या कानातल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. आपण करू शकतो ते एवढंच की खड्डा आणखी खोल होऊ द्यायचा नाही. (एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती लोक अंगावर काढतात. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं किंवा एकदम फार कमी झालं, तर 'उद्या बघू' करू नये, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावं. त्यातल्या काही प्रकारांवरच्या औषधांचा उपयोग लवकर सुरू केली तरच होतो.)

तालमीच्या खोलीत पहिल्या दिवशी पैसे खर्च करायचे नाहीत असं ठरवलं होतं. फक्त वस्तू हलवायच्या.

तिला उलटं वळवलं, तोंड ड्रमकडे. म्हणजे माइकची बहिरी बाजू ड्रमकडे. आणि लगेच माइकने अशी शिट्टी मारली की सगळ्यांनी कान झाकले. चूक माझी होती. ती वळली, पण स्पीकर आता तिच्या पाठीमागे आले आणि माइक थेट त्यांच्याकडे बघू लागला. एक स्पीकर बंद केला. दुसरा उचलून ड्रमच्या बाजूला, तिच्या कानाच्या उंचीवर, दीड मीटरवर आणला. आता ड्रम आणि स्पीकर दोघेही माइकच्या पाठीशी. तरी थोडे सिंबल येतच होते. ते आता तिच्या मागच्या कोऱ्या भिंतीवर आपटून माइकच्या तोंडात शिरत होते. लहान खोलीत माइकची पाठ कितीही बहिरी असली तरी आवाज फिरून पुढून येतोच. म्हणून तिच्या मागच्या भिंतीला दोन जुन्या गाद्या उभ्या केल्या. दिसायला गबाळं, पण ट्रेंच्या कैकपट उपयोगी. कंप्रेसर काढला. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं तिच्या चॅनेलवरून कापलं, तिथे तिचा आवाज नसतोच, नुसती किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेसची घुमघुम असते. म्यूटची चाचणी पुन्हा केली. या वेळी बटण दाबल्याचं कुणाला कळलंही नाही.

मग गिटार. पहिल्या गिटारवाल्याचा अ‍ॅम्प जमिनीवर, तो त्याच्या पुढे मीटरभरावर उभा. १२ इंची स्पीकरच्या वरच्या पट्ट्या सरळ रेषेत, टॉर्चच्या झोतासारख्या जातात. तो झोत त्याच्या पोटऱ्यांवर पडत होता आणि पुढे समोरच्या माणसांच्या कानात शिरत होता. त्यामुळे त्याला स्वतःची गिटार नेहमी बोथट वाटे आणि तो ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्ट्या, वाढवत नेई. मी काही वाद न घालता अ‍ॅम्पच्या पुढच्या कडेखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, म्हणजे अ‍ॅम्पचं तोंड त्याच्या कानाकडे झालं. त्याने पहिला कॉर्ड मारला आणि दचकून मागे सरला. "काय टोचतंय हे!" "चार वर्षं तिला हेच टोचतंय," मी म्हटलं. त्याने आपल्या हाताने ट्रेबल आणि आवाज दोन्ही उतरवले. कुणी सांगून नव्हे.

त्याचा एक मुद्दा मात्र खरा होता. व्हॉल्वचा अ‍ॅम्प हळू ठेवला की त्याला हवा तो भरलेला, किंचित फाटलेला सूर येत नाही. त्यावर तो म्हणाला, १०० वॅटच्या जागी ५० वॅटचा घेतो. मी हसलो. वॅट निम्मे केले की फक्त ३ डेसिबल उतरतात, आणि कानाला आवाज 'अर्धा' वाटायला साधारण १० लागतात. १०० वरून १५ वॅटवर आला तरी फरक ८ डेसिबलचा. पुढे दोन महिन्यांनी त्याने १५ वॅटचाच घेतला आणि तो खोलीला पुरून उरतो.

ड्रमरशी मी फार घासाघीस केली नाही. त्याने सिंबल थोडे वर नेले आणि हळू गाण्यांसाठी काड्यांच्या जुडग्यासारख्या रॉड काठ्या आणल्या. कुणीतरी अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक भिंत सुचवली. एवढ्या खोलीत ती नको म्हटलं, मागे जाड शोषक नसेल तर ती सिंबल उचलून ड्रमरच्याच कानात परत टाकते.

तिसऱ्या तालमीला तिच्या कानाशी सरासरी ९६. सात डेसिबल कमी, आणि तिचा फेडर आधीपेक्षा खाली. तिला स्वतःचा आवाज येत होता. पण ९६ ला दिवसाचे फारतर चाळीसेक मिनिटं मिळतात आणि तालीम अडीच तासांची. म्हणजे कानात प्लग (आवाज अडवणारी बुचं) लावल्याशिवाय सुटका नव्हती, आणि प्लगचं नाव काढताच तिने मान हलवली. आधी लावून बघितले होते, तिसऱ्या गाण्याला काढून फेकले होते.

ते फोमचे होते. फोमचा प्लग वाईट नसतो, पण तो वरच्या पट्ट्या खालच्यांपेक्षा फार जास्त कापतो, म्हणून सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. शिवाय तिने ते अर्धवट घातले होते. कानाच्या नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा असतो. आपण गातो तेव्हा तो कवटीबरोबर थरथरतो आणि नळीत आवाज तयार होतो. एरवी तो बाहेर सुटून जातो. नळीच्या तोंडाशी बूच बसवलं की आत कोंडतो. मी तिला शांत खोलीत ते फोमचे प्लग घालून एकच सूर 'आ', 'ई', 'ऊ' वर धरायला सांगितला. 'आ' ला काही नाही. 'ई' म्हटल्याबरोबर तिने डोळे विस्फारले. "डोक्यात भोपळा वाजतोय!" बंद स्वरांना हा परिणाम सगळ्यात मोठा असतो. आणि त्यातला खरा धोका नंतर कळतो. 'ई' आणि 'ऊ' स्वतःला मोठे ऐकू येतात म्हणून गाणारा ते नकळत हळू गातो, आणि समोरच्याला ओळीतले तेवढेच शब्द गायब झालेले दिसतात. तिच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये प्लग घातलेली तीन गाणी कोणती, ते मी न विचारता ओळखलं.

संगीतकारांसाठीचे सपाट फिल्टरचे प्लग १९८८ साली मीड किलियन यांच्या एटिमॉटिक रिसर्च कंपनीने आणले. त्यांची करामत साधी आहे. उघड्या कानाची नळी २७०० हर्ट्झच्या आसपास आपोआप आवाज उचलते, बूच लावलं की ती उचल नाहीशी होते. या प्लगमध्ये तेवढीच उचल पुन्हा घडवलेली असते, म्हणून सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच उतरतात. चित्र तेच, दिवा मंद. फिल्टर ९, १५ आणि २५ डेसिबलचे मिळतात. ९६ मधून १५ गेले की ८१. तेवढे पूर्ण बसले नाहीत आणि ९ च मिळाले तरी ८७, म्हणजे पाचेक तास. तिच्यासाठी १५ घेतला, कानाचा साचा काढून, नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे हाडाच्या भागापर्यंत जाईल असा. तिथे बूच बसलं की थरथरणारा भाग झाकला जातो आणि भोपळा पुष्कळ कमी होतो.

पहिला साचा फसला. तालमीत कडव्यांना सगळं छान, आणि वरच्या सुराला तोंड उघडलं की डाव्या कानात सिंबल भसकन आत. बंद तोंडाने साचा काढला होता. जबडा उघडला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, फट पडते. गाणाऱ्याचा साचा तोंड उघडं ठेवून, दातांत ठोकळा धरून काढायला हवा. दुसऱ्या वेळी तसा काढला.

प्लग आले त्या दिवशी ते तालमीला घालू नकोस असं सांगितलं होतं. दहा दिवस घरी, एका धरलेल्या षड्जावर, रोज वीस मिनिटं. कानात बूच असताना स्वतःचा आवाज हाडांतून जास्त आणि हवेतून कमी येतो. त्या नव्या प्रमाणाची सवय शांततेतच लागते, गोंगाटात नाही. अकराव्या दिवशी ती प्लग घालून पूर्ण तालीम गायली. संपल्यावर म्हणाली, "मी ओरडत नव्हते, नाही?" नव्हती. दुसऱ्या दिवशी घसा मोकळा होता. शीळ त्या रात्री आली नाही.

गिटारवाल्याचा इन-इअरचा हट्ट मी शेवटी का ठेवला, ते आता कळेल. पहिल्या दिवशी इन-इअर लावले असते तर तिच्या माइकमधले ते सगळे सिंबल सरळ कानाच्या पडद्याशी नेऊन ठेवले असते. इन-इअर बाहेरचा आवाज अडवतात खरे, पण आत किती द्यायचा याची कळ माणसाच्या हातात असते, आणि ज्याला मोठ्याची सवय आहे तो ती मोठ्यावरच नेतो. शिवाय एक कान उघडा ठेवायची खोड. दोन्ही कानांनी ऐकताना आवाज जेवढा वाटतो तेवढा एका कानाने वाटत नाही, म्हणून लावलेल्या कानातला आवाज वाढवला जातो आणि उघडा कान मंचाचा मार खातो. दोन्हीकडून तोटा. आता तिच्याकडे इन-इअर आहेत, लिमिटर (आवाज ठराविक पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय) लावलेले, फक्त मंचासाठी. दोन्ही कानांत. प्रेक्षक ऐकू यावेत म्हणून मंचाच्या कडेला एक माइक तिच्या मिक्समध्ये किंचित मिसळलेला.

मंचावर ती ड्रमकडे तोंड करून गाऊ शकत नाही, तिथे खोलीतली युक्ती संपते. तिला ड्रमपासून होईल तेवढं पुढे आणलं आणि माइक सुपरकार्डिऑइड दिला, जो बाजूने आणखी कमी ऐकतो. इन-इअर यायच्या आधीच्या एका कार्यक्रमात तिथल्या साउंडवाल्याने मॉनिटर सवयीने तिच्या बरोबर समोर, माइकच्या शेपटीकडे ठेवला. कार्डिऑइडला ते योग्य. सुपरकार्डिऑइड मात्र पाठीमागून थोडं ऐकतो. त्याची बहिरी जागा मागे दोन्ही बाजूंना, समोरच्या रेषेपासून साधारण १२६ अंशांवर असते. तालीम नाही, वेळ नाही, दुसऱ्या गाण्याला शिट्टी. तिने एक प्लग काढला, जोर लावला आणि रात्रभर पुन्हा ती शीळ. आता तिच्या माइकच्या पिशवीत मॉनिटर कुठे ठेवायचा त्याचं हाताने काढलेलं चित्र असतं.

पहिल्या महिन्यात दुसरा गिटारवाला मला म्हणाला होता, "दादा, हे संगीत असंच असतं. कान जपायचे तर दुसरं काही वाजवा." मी त्याला २०१२ च्या सप्टेंबरची गोष्ट सांगितली. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये वाग्नरच्या ऑपेराची तालीम, व्हायोला वाजवणारा एक जण तुताऱ्यांच्या पुढ्यात बसलेला. कान कायमचे बिघडले. ऑपेराचा बचाव हाच होता की मोठा आवाज हा आमच्या कलेचाच भाग आहे. २०१८ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही आणि संस्थेला जबाबदार धरलं. गिटारवाला काही बोलला नाही. पुढच्या तालमीला त्याच्या कानात प्लग होते, फोमचे, अर्धवट घातलेले. नीट कसे घालायचे ते शिकवलं: बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा.

सहा महिन्यांनी तिची पुन्हा तपासणी झाली. डावा ३०, उजवा १५. तसेच. पूर्ण शांततेत, विशेषतः झोपताना, डावीकडे एक बारीक शीळ राहिली आहे. ती बहुधा राहीलच. घसा वर्षभरात एकदाही बसलेला नाही. फोन अजून उजव्या कानालाच.

नवी अडचण बेसवाल्याची आहे. त्याला आता मागून साथ गायची आहे, म्हणून दुसरा माइक आला. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी मारायच्या आधीची ३ डेसिबलची जागा जाते आणि सिंबलना आत यायला आणखी एक दार मिळतं. त्याच्या माइकला पायाने दाबायचं बटण लावलं आहे. गाताना चालू, एरवी बंद. बंद करायला तो विसरतो. पण आता ते मला सांगावं लागत नाही, ड्रमरच वाजवता वाजवता त्याच्याकडे बघतो.